खैरियत

आमच्या कोकणात 'परदेश' म्हटलं की आखातच समजायचं. खेड, चिपळूण, दापोलीकडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत एखाद्या घराला विचारा, "मुलगा कुठे असतो?" तर उत्तर येतं, "बाहेर." बाहेर म्हणजे कुवेत, दुबई, दोहा किंवा मस्कत. आणि बाहेर जायचं ते कमवायला. कमवायचं नाही, फिरायचं नाही, हज-उमराही करायचा नाही आणि तरीही देशाबाहेर जायचं, हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून निवृत्त झाल्यावर मी जेव्हा सांगितलं की पाच महिने नेपाळला जाते आहे, निर्वासितांच्या छावणीत शिकवायला, तेव्हा शेजारच्या चाचींनी पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?" पगार नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग खर्च कोण देणार?" तो मीच करणार आहे, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी सुरू केली.

चाचींचं काही चुकत नव्हतं. आमच्या दोन पिढ्यांचं सुख बाहेरच्या पगारावर उभं राहिलं आहे. स्लॅबची घरं, मुलींची लग्नं, मुलांचं शिक्षण, मशिदीचा नवा मिनार, सगळं त्यातूनच झालं. माझे पती १९७९ साली कुवेतला गेले आणि २००४ साली कायमचे परतले. दर दोन वर्षांनी दीड महिन्याची रजा. अशा अकरा रजा झाल्या. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे हा हिशेब मला पाठ आहे. १९९० च्या युद्धानंतरचा सक्तीचा मुक्काम सोडला, तर पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही साडेसोळा महिने एका छताखाली होतो. बाकीचा संसार पत्रांतून झाला. आमच्याकडच्या पत्रांची सुरुवात ठरलेली असे. इकडे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत अल्लाहकडे मागतो. पत्र लिहिताना त्यांना ताप भरलेला असो, इकडे पोरगं आजारी असो, पहिली ओळ तीच. घर झालं की, मुलं मार्गी लागली की, मुलीचं लग्न झालं की, असं करत सुख पुढच्या रजेपर्यंत ढकललं जाई. ते परतले तेव्हा सोबत मधुमेह आणि उच्च रक्तदाब घेऊन आले. चार वर्षांत गेले. घर मात्र चांगलं बांधून झालं होतं.

त्यांच्या पश्चात आणि माझ्या निवृत्तीनंतर त्या घरात मी एकटी होते. दोन्ही मुलगे बाहेर, मुलगी पुण्याला. कशाचीच कमतरता नव्हती. मुलीच्या ओळखीच्या एका लहानशा संस्थेला पूर्व नेपाळमधल्या भूतानी निर्वासितांच्या छावणीसाठी निवृत्त शिक्षक हवे होते. मोठ्या वयाच्या लोकांना कामचलाऊ इंग्रजी शिकवायचं काम होतं. मी होकार कळवला.

जानेवारी २०१२. मुंबईहून न्यू जलपायगुडीला पोहोचायला रेल्वेत दोन रात्री गेल्या. तिथून सिलीगुडी आणि मग पानीटंकी. पानीटंकीला मेची नदीवर पूल आहे. अलीकडे भारत, पलीकडे नेपाळचं काकडभिट्टा. आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र पर्समध्ये ठेवून सायकलरिक्षात बसले आणि दहा मिनिटांत परदेशी पोहोचले. याच पुलावर मे २००७ मध्ये हजारो भूतानी निर्वासित भारतातून पायी आपल्या देशात परत जायला निघाले होते आणि आपल्या पोलिसांनी त्यांना अडवलं होतं. गोळीबार झाला, माणूस दगावला. हे मला नंतर छावणीत कळलं. नेपाळ आणि भूतान यांची हद्द कुठेही एकमेकांना भिडत नाही. मध्ये भारत आहे. १९९० नंतर भूतानमधून निघालेली ही माणसं ट्रकांत बसून आपल्याच भूमीवरून नेपाळात गेली. जाताना त्यांना वाट मिळाली, परतताना मात्र मिळाली नाही.

काकडभिट्ट्याहून बसने दमकला जायचं. तो झापा जिल्हा पाहून मी चकित झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाचे मळे आणि घराघरांभोवती सुपारीची झाडं. सुपारीची झाडं पाहून जीव थोडा स्थिरावला. दमकमध्ये ज्या बाईंकडे खोली घेतली त्यांचा मुलगा कतारला होता. भिंतीवर त्याचा फोटो, कोपऱ्यात त्याने पाठवलेला टीव्ही. मला वाटलं, मी खेडलाच आले की काय!

दमकपासून काही किलोमीटरवर बेलडांगी. बांबूच्या भिंती, गवताचं किंवा प्लास्टिकचं छप्पर, दोन झोपड्यांमध्ये माणूस आडवा जाईल एवढीच वाट. वीज नव्हती. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साखर मिळे. दारापुढच्या हातभर जमिनीत मोहरीचा पाला नाहीतर भोपळ्याचा वेल. आणि स्वच्छता अशी की आमच्या नगरपालिकेने येऊन पाहावं.

ही माणसं कोण? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भूतानच्या दक्षिणेकडे नेपाळी बोलणारे शेतकरी वसत गेले. त्यांनी जंगल साफ केलं, वेलची आणि संत्र्यांच्या बागा उभ्या केल्या. त्यांना ल्होत्साम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेचे लोक. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळालं. पुढे त्यांची वाढती संख्या राज्यकर्त्यांना खुपू लागली. १९८५ साली नवा नागरिकत्व कायदा आला आणि १९८८ साली दक्षिणेत शिरगणती झाली. १९५८ साली आपण भूतानमध्ये राहत होतो हे प्रत्येकाने कागदाने सिद्ध करायचं. माणसांचे सात वर्ग पाडले गेले. पहिल्यात अस्सल भूतानी, सातव्यात परके. एकाच घरात नवरा एका वर्गात, बायको दुसऱ्या वर्गात. १९८९ पासून राजाज्ञेने पोशाख आणि रीतिरिवाज सक्तीचे झाले, शाळांतून नेपाळी भाषा गेली. १९९० साली निदर्शनं झाली, मग धरपकड, मग हकालपट्टी. आधी लोक नेपाळात माई नदीच्या वाळवंटात राहिले. गोवर आणि अतिसाराने मुलं दगावत होती. नंतर सात छावण्या झाल्या. एक लाखाहून अधिक माणसं तिथे वीस-वीस वर्षं राहिली.

माझ्या वर्गात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना 'बा' म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी एकदा मला झोपडीत नेलं आणि लोखंडी पेटी उघडली. प्लास्टिकमध्ये, त्यावर कापडात, त्यावर पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जमीन-कराची पावती. साल १९५८. कागद घडीवर फाटला होता, पण शिक्का वाचता येत होता. अनेकांकडे त्याच्या आधीची किंवा नंतरची पावती होती, ती चालली नाही, असं लोक सांगत. बांकडे नेमकी त्याच सालाची होती. तरीही ते इथे होते. मी विचारलं, "मग आता ही कशाला जपता?" ते म्हणाले, "दिदी, घर गेलं, बाग गेली. मी खोटं बोलत नव्हतो एवढं तरी राहू दे."

आता यातली दुसरी बाजू. ज्या देशातून ही माणसं आली तो देश जगात सुखासाठी प्रसिद्ध आहे. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक १९७२ साली गादीवर आले. राष्ट्राची प्रगती पैशाने मोजू नका, सुखाने मोजा, ही त्यांची कल्पना. 'सकल राष्ट्रीय आनंद' हे तिचं नाव. २००८ च्या राज्यघटनेत तिला जागा मिळाली. तिचे नऊ विषय आणि तेहतीस निर्देशांक आहेत. मनःस्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, संस्कृती, कारभार, समाजजीवन, निसर्ग आणि राहणीमान हे ते नऊ विषय. जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भूतानच्या पुढाकाराने सुखाविषयी ठराव केला आणि पुढच्या वर्षी २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरला.

हे सगळं ढोंग आहे, असं मी म्हणणार नाही. भूतानच्या घटनेने साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायचं बंधन घातलं आहे. दवाखाना आणि शाळा सरकार मोफत देतं. माणसाकडे झोपेला, घरच्यांना, प्रार्थनेला किती वेळ उरतो हेही तिथे मोजतात. साडेसोळा महिन्यांच्या संसारातल्या बाईला हे मोजमाप थोर वाटणारच. आमच्या मोहल्ल्याचं कुणी असं मोजमाप घेतलं असतं, तर घरं पहिल्या नंबरात आली असती आणि वेळेच्या विषयात आम्ही सगळे नापास झालो असतो.

पण मोजणी होते ती हद्दीच्या आतल्या माणसांची. देशव्यापी पाहणी २०१०, २०१५ आणि २०२२ साली झाली आणि प्रत्येक वेळी सुखाचा आकडा थोडा वाढला. बेलडांगीतल्या बांना कुणी काहीच विचारलं नाही. ते यादीतच नव्हते. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत एक तपशील नोंदलेला आहे आणि माझ्या वर्गातल्या म्हाताऱ्यांनीही तो सांगितला. गाव सोडताना त्यांच्याकडून 'आम्ही स्वखुशीने जात आहोत' अशा कागदावर सह्या घेतल्या आणि फोटो काढताना हसायला सांगितलं. दात दिसले पाहिजेत, म्हणजे खुशीने निघालो हे दिसेल. वर्ग संपताना आमच्या संस्थेने एक सामूहिक फोटो काढला, तेव्हा फोटोवाल्या पोराने सवयीने म्हटलं, "हसा!" मागच्या रांगेतल्या एका आमांनी तोंडावर पदर ओढला आणि फोटो होईपर्यंत सोडला नाही. त्याला कारण विचारायची गरज पडली नाही.

वर्ग म्हणजे बांबूची खोली, एक फळा, बावीस विद्यार्थी. तेव्हा छावण्या रिकाम्या होत होत्या. नेपाळ आणि भूतान यांच्या बोलण्यांतून काही निघालं नव्हतं. २००१ साली एका छावणीत पडताळणी झाली, तेव्हा जेमतेम अडीच टक्के लोक अस्सल भूतानी ठरले. अखेर २००७-०८ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे आठ देशांनी त्यांना घ्यायचं ठरवलं. माझ्या विद्यार्थ्यांची मुलं विमानाच्या तारखेची वाट पाहत होती आणि आईबापांना तिथे गेल्यावर दुकानात, दवाखान्यात चार शब्द बोलता यावेत म्हणून वर्गाला पाठवत होती. कित्येकांची जन्मतारीख कागदावर एक जानेवारी होती. आम्ही नाव लिहायला शिकलो, पैसे मोजायला शिकलो, 'हाऊ आर यू' आणि 'आय अ‍ॅम फाइन' शिकलो. त्या दिवशी बा उभे राहिले आणि म्हणाले, "नसन्चो भए पनि फाइन भन्ने?" बरं नसलं तरी फाइनच म्हणायचं? नेपाळीत माणसं भेटली की विचारतात, "सन्चै हुनुहुन्छ?" म्हणजे बरे आहात ना. तिथे बरं नसेल तर नाही म्हणता येतं, मग समोरचा बसतो, विचारपूस करतो, चहा टाकतो. मला आमच्या पत्रांची पहिली ओळ आठवली. इकडे सर्व खैरियत आहे.

त्या रात्री मला १९९० सालातली आणखी एक गोष्ट आठवली, जी आमच्या घरात फारशी बोलली गेली नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला. तीन आठवडे ह्यांची काही खबर नव्हती. नोकरी गेली, बँकेतले पैसे गेले, सामान गेलं. इतर हजारो भारतीयांबरोबर ते बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या हद्दीवर पोहोचले आणि तंबूत राहिले. पाण्यासाठी रांग, रोटीसाठी रांग. मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. आपल्या सरकारने तेव्हा दीड लाखाच्या वर माणसं परत आणली. ह्यांच्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि पासपोर्ट. त्याच वर्षी, त्याच सुमाराला, बांना एका ट्रकात बसवून देशाबाहेर सोडलं जात होतं. दोघेही निर्वासित. एक पंधरा दिवसांचा, दुसरा वीस वर्षांचा. एकाला न्यायला विमान आलं, कारण एका देशाने 'हा आमचा' म्हटलं. मेहनत, इमानदारी, नशीब, सगळी तुलना करून पाहिली. त्या एका शब्दाशिवाय दोघांत काही फरक सापडला नाही.

तिरमिजीच्या हदीससंग्रहात एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की, जो माणूस सकाळी आपल्या ठिकाणी निर्धास्त उठतो, ज्याचं शरीर धड आहे आणि ज्याच्या घरी त्या दिवसापुरतं अन्न आहे, त्याला जणू सारी दुनिया मिळाली. लहानपणापासून ऐकलेली. मदरशात ती आम्हाला समाधानाची शिकवण म्हणून सांगितली गेली, थोडक्यात शुक्र माना म्हणून. बेलडांगीत मी तिचा क्रम पाहिला. अन्न शेवटी आहे, आरोग्य मध्ये आहे आणि पहिली आहे निर्धास्ती. छावणीत अन्न होतं, दवाखानाही होता. तेहतीस निर्देशांकांपैकी बऱ्याच गोष्टी, शेजार, सण, भाषा, एकमेकांसाठी वेळ, माझ्या स्लॅबच्या घरापेक्षा तिथे जास्त होत्या. फक्त पहिली गोष्ट नव्हती. आणि ती नसली की बाकीच्या दोन्ही कधी हातच्या जातील याचा भरवसा नसतो.

यातून मला एक समजलं. सुख ही माणसाने आपल्या मनाला समजावून मिळवायची गोष्ट आहे, असं आपल्याला फार सांगितलं जातं. साधू सांगतात, मौलाना सांगतात, हल्ली व्यवस्थापनाचे वर्गही सांगतात. मनाचं समाधान असतंच, मी ते त्या आमांच्या चेहऱ्यावर भोपळ्याला फूल आलं तेव्हा पाहिलं आहे. पण निर्धास्ती एकट्याला मिळवता येत नाही. ती दुसऱ्यांनी द्यावी लागते. शेजाऱ्याने, गावाने, राज्याने. माझी खैरियत माझ्या मुठीत नसून थोडी शेजारणीच्या हातात आहे आणि तिची माझ्या, ही गोष्ट मला नव्याने दिसली.

स्वयंसेवेबद्दलही दोन शब्द. पाच महिन्यांत मी कुणाचं आयुष्य बदललं नाही. बावीसपैकी चौदा जण नाव लिहू लागले, एवढंच. माझ्याआधी तिथे छावणीतलेच शिक्षक वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले होते, तुटपुंज्या मानधनावर. त्यांनी मुलांना भूतानची जोंगखा भाषासुद्धा शिकवली होती, उद्या परत गेलो तर अडायला नको म्हणून. बाहेरून आलेल्या माणसाचा एक उपयोग मात्र होतो. तो ऐकणारा असतो. बांनी ती पावती छावणीतल्या सगळ्यांना दाखवून झाली होती. त्यांना ती न पाहिलेलं माणूस हवं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. एक लाख तेरा हजारांच्या वर माणसं त्या आठ देशांत गेली, त्यांतली नव्वद हजारांहून अधिक अमेरिकेत. अनेकांनी घरं घेतली, मुलं शिकली. पण २०१२ सालीच अमेरिकेच्या आरोग्य खात्याने तिथल्या भूतानी निर्वासितांमधल्या आत्महत्यांची पाहणी केली. प्रमाण लाखात २०.३ निघालं, सर्वसाधारण अमेरिकनांत ते १२.४ होतं. काम न मिळणं, घरच्यांपासून तुटणं, भाषा न येणं ही दुखणी पुढे आली. घर, फ्रिज, गरम पाणी सगळं असताना. आमच्या आखातातल्या खोल्यांत आठ-आठ जणांत राहून एकटी पडलेली माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे मला हे आकडे परके वाटले नाहीत. खुद्द भूतानमधूनही अलीकडे हजारो तरुण ऑस्ट्रेलियाला जात आहेत. आणि २०२५ साली अमेरिकेने काही जणांना परत भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना भारताच्या हद्दीवर आणून सोडलं, आणि त्यांतले काही पुन्हा त्याच बेलडांगीत येऊन पोहोचले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा मला बांची पेटी आठवली. बा २०१३ साली मुलाबरोबर अमेरिकेला गेले होते. पावती त्यांनी बरोबर नेली असणार.

२०१९-२० च्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातही पेट्या उघडल्या गेल्या होत्या. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांचा सातबारा, नावातल्या 'शेख' आणि 'शेक' मधला फरक. आसामच्या यादीतून १९ लाख नावं गळाल्याची बातमी ताजी होती. तेव्हा आम्ही चार निवृत्त शिक्षकांनी मशिदीशेजारच्या खोलीत रविवारी बसायला सुरुवात केली. कुणाची नोंद दुरुस्त करून दे, कुणाचा अर्ज लिहून दे. पहिल्या महिन्यात मोहल्ल्यातले आले, नंतर खालच्या वाडीतले कातकरी आले. त्यांच्यातल्या निम्म्यांकडे जन्माचा दाखला तर सोडाच, जातीचा दाखलाही नव्हता. ही बैठक आजही चालू आहे. तिला पगार नाही. चाचीही येतात, चहा करतात आणि कुणी दाराशी आलं की आधी बसवून विचारतात, काय दुखतंय, घरी कोण असतं. 'सर्व खैरियत' असं उत्तर आलं तर त्या लगेच सोडत नाहीत. खरं ऐकल्याशिवाय चहा ओतायचा नाही, हा त्यांचा नियम आहे.